‘फ्रेम पार्टिशन’चा आधी विग्रह करा : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की ‘फ्रेम पार्टिशन’ हा शब्द सुताराच्या तोंडी एक आणि कॉम्प्युटरवाल्याच्या तोंडी भलताच असतो, तर त्यावरच इतके प्रश्न आले की यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. प्रश्न थोडे छोटे केलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न : ताई, मी भाषांतराची कामं करतो. एकाच महिन्यात माझ्याकडे तीन मजकूर आले, एक ऑफिस फर्निचरचा, एक व्हिडिओ सॉफ्टवेअरचा आणि एक ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोट्सचा, आणि तिन्हीत फ्रेम आणि पार्टिशन हे शब्द जोडीने येतात. मी सगळीकडे ‘चौकट विभाजन’ लिहिलं आणि तिन्ही ठिकाणी लाल शेरा आला. एकच मराठी शब्द चालणार नाही का?

उत्तर : नाही चालणार, आणि कारण आपल्या शाळेच्या व्याकरणातच आहे. ‘फ्रेम पार्टिशन’ हा समास आहे आणि प्रत्येक क्षेत्रात त्याचा विग्रह वेगळा होतो, तुम्ही तिन्हीकडे एकच विग्रह गृहीत धरलात तिथे गाडी अडली.

फर्निचरमध्ये आणि बांधकामात तो होतो ‘फ्रेमवर उभारलेलं पार्टिशन’. मधलं ‘वर उभारलेलं’ गाळलंय, म्हणजे मध्यमपदलोपी, चुलतसासरा असतो ना तसा. इथे पार्टिशन ही वस्तू आहे आणि फ्रेम तिचा सांगाडा. व्हिडिओत होतो ‘फ्रेमचं पार्टिशन’, म्हणजे सरळ षष्ठी तत्पुरुष, राजाचा वाडा तो राजवाडा तसं. इथे पार्टिशन ही वस्तूच नाही, ती क्रिया आहे, एका चित्राचे तुकडे करण्याची. आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेमरीच्या धड्यात हे दोन शब्द शेजारी येतात तेव्हा बहुतेक वेळा तो ‘फ्रेम किंवा पार्टिशन’ असतो, वैकल्पिक द्वंद्व, खरंखोटं किंवा बरंवाईट सारखा, कारण तिथे त्या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत, एक आली की दुसरी गेली.

म्हणून पहिल्या मजकुरात ‘सांगाड्याचं पार्टिशन’ किंवा सरळ ‘फ्रेम पार्टिशन’ लिहा, कारागीर तेच म्हणतात. दुसऱ्यात ‘फ्रेमचे ब्लॉक पाडणे’ लिहा. तिसऱ्यात दोन्ही शब्द इंग्रजीच पण वेगवेगळे ठेवा, ‘फ्रेम’ला चौकट करू नका, मेमरीतल्या फ्रेमला चौकटीसारखं काहीच नसतं, तो नुसता एका मापाचा कप्पा असतो.

प्रश्न : घराचं काम काढलंय. हॉलमधली विटांची भिंत पाडून तिथे फ्रेम पार्टिशन करायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बिल्डिंग फ्रेमची आहे, आतली कुठलीही भिंत पाडा काही होत नाही. आणि नवीन पार्टिशन पोकळ वाजतं म्हणून घरातले नको म्हणतायत. काय करू?

उत्तर : याचं उत्तर लांबणार आहे कारण तुमच्या प्रश्नात ‘फ्रेम’ दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा आहे, आणि नेमका हाच घोळ महागात पडतो.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ती फ्रेम म्हणजे बिल्डिंगचा सांगाडा, कॉलम, बीम आणि स्लॅब. अशा बिल्डिंगमध्ये वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून पायात उतरतं, आतल्या भिंती नुसत्या जागा वेगळी करायला असतात, इथपर्यंत तो बरोबर आहे. पण आधी बिल्डिंग खरंच तशी आहे का ते बघा, कारण जुन्या आणि कमी मजल्यांच्या बऱ्याच इमारतींमध्ये भिंतीच वजन घेतात, कॉलम नसतातच, किंवा अर्धं बांधकाम असं आणि अर्धं तसं असतं. तिथे ‘फ्रेमची आहे’ या एका शब्दावर भिंत पाडली तर वरचा मजलाच तुम्ही काढून घेताय असं समजा.

आणि खरीखुरी फ्रेमची असली तरी ‘काही होत नाही’ हे मला मान्य नाही. भूकंपात सांगाडा आडवा हलतो, चौकोनाचा तिरपा चौकोन व्हायला बघतो, आणि त्यात घट्ट बसवलेली विटांची भिंत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका टेकू दिल्यासारखी त्याला अडवते. डिझाइन करताना तिची ताकद बरेचदा धरलेली नसते पण प्रत्यक्षात ती काम करत असते. एका घरातली एक छोटी भिंत गेली तर फरक थोडाच, पण एकाच मजल्यावरच्या सगळ्या भिंती काढल्या तर तो मजला वरच्यांपेक्षा लेचापेचा होतो आणि हलताना सगळी वाकण त्याच मजल्यावर येते. उलटाही धोका आहे बरं का. दोन कॉलमच्या मध्ये अर्ध्या उंचीची घट्ट भिंत बांधली तर कॉलमचा खालचा अर्धा भाग जखडला जातो, हलायला फक्त वरचा अर्धा उरतो, आणि मोकळी उंची अर्धी झाली की ताठपणा जवळजवळ ८ पट होतो कारण तो उंचीच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो. ताठ कॉलम जास्त जोर स्वतःवर ओढून घेतो आणि तोच आधी फुटतो. म्हणून पाडायचं असो की बांधायचं, एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून दाखवा, फोनवर विचारू नका, त्याला भिंत बघू द्या.

आता दुसरी फ्रेम, तुमच्या नव्या पार्टिशनची. खाली आणि वर आडवे चॅनेल, मध्ये उभे स्टड, साधारण ६०० मिलिमीटर अंतराने, जास्त भक्कम पाहिजे तर ४०० ने, आणि दोन्ही बाजूंनी १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. याचं वजन चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास येतं, आणि प्लास्टर केलेल्या अर्ध्या विटेच्या भिंतीचं २०० किलोच्या वर जातं. म्हणजे भिंत पाडून हे उभं केलं तर स्लॅबवरचं ओझं कमीच होतंय, त्या बाजूने निश्चिंत राहा.

पोकळ वाजतं हे खरं आहे पण पोकळ वाजणं म्हणजे कच्चं असणं नव्हे. आवाज पलीकडे जातो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक फटींतून, खाली फ्लोअरपाशी आणि वर छतापाशी, तिथे सीलंट नीट भरला नाही तर बाकी कितीही खर्च करा उपयोग नाही. दुसरी वाट स्टडमधून, कारण एकाच स्टडला दोन्हीकडचे बोर्ड ठोकलेत, इकडचा बोर्ड थरथरला की स्टड ती थरथर पलीकडे नेऊन देतो. बेडरूमच्या बाजूला असेल तर स्टडच्या दोन वेगळ्या रांगा करून घ्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या, आणि मध्ये ग्लासवूल. बोर्ड दुहेरी केला तर अजून चांगलं.

आगीचीही भीती घालतात लोक, त्यात मात्र जिप्समची बाजू भक्कम आहे. जिप्समच्या स्फटिकात वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्डची मागची बाजू १०० अंशांच्या फार वर जात नाही, तेवढा वेळ माणसांना बाहेर पडायला मिळतो.

दोन गोष्टी काम चालू असतानाच सांगून ठेवा, नंतर नाही जमत. टीव्ही, कपाट, बेसिन जिथे टांगायचंय तिथे आतून लाकडाची किंवा प्लायची आडवी पट्टी टाकून घ्या, नुसत्या बोर्डात स्क्रू मारून भार घेता येत नाही. आणि पार्टिशनचं डोकं स्लॅबला करकचून घट्ट नको. स्लॅब वर्षानुवर्षं थोडा थोडा खाली वाकत असतो, त्याला जागा नसेल तर तो पार्टिशनवर टेकतो आणि मग सांध्यांना तडे जातात, आणि लोक म्हणतात माल खराब होता. वरच्या चॅनेलमध्ये स्टड थोडा सरकेल एवढी जागा ठेवायची, बस.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या घरातली लाकडी भिंत पण फ्रेम पार्टिशनच का? तिच्या आत विटा आहेत.

उत्तर : हो, आणि ती या सगळ्यांची पूर्वज आहे. लाकडाचे उभे खांब, वर-खाली आडव्या दांड्या, आणि मधल्या कप्प्यांत विटा भरलेल्या, त्याला ब्रिक नॉगिंग म्हणतात. काही ठिकाणी खाली भिंतीचा आधारच नसतो तेव्हा त्या सांगाड्यात तिरके टेकू घालून पार्टिशनच पुलाच्या कैचीसारखं करायचे, ते स्वतःचं वजन दोन टोकांच्या भिंतींवर नेऊन ठेवतं आणि कधी कधी वरचा मजलाही उचलून धरतं. म्हणून लाकडी पार्टिशन म्हणजे हलकंफुलकं असं समजून ते तिरके टेकू कापू नका, दरवाजा करायला म्हणून हमखास तेच कापले जातात.

प्रश्न : मधमाश्यांच्या पेटीत पण फ्रेम आणि पार्टिशन असतं, ते यात बसतं का?

उत्तर : बसतं की, आणि इथे समास इतरेतर द्वंद्व होतो, आईवडील तसं ‘फ्रेम आणि पार्टिशन’, दोघं शेजारी टांगलेले. फ्रेमवर माश्या पोळं बांधतात, आणि पार्टिशन म्हणजे त्याच मापाची साधी फळी, पोळं नसलेली. वसाहत लहान असेल तर फळी सरकवून जागा आखडती घ्यायची म्हणजे माश्यांना कमी जागा ऊबदार ठेवावी लागते. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधमाशीपालकाने १८५२ मध्ये हलत्या फ्रेमच्या पेटीचं पेटंट घेतलं त्याच्या मुळाशी एकच निरीक्षण होतं, साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या जाण्यायेण्यासाठी मोकळी सोडतात, त्याहून कमी असेल तर डिंकासारख्या पदार्थाने बुजवतात आणि जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. पेटी करताना ही फट चुकवू नका, नाहीतर फ्रेम बाहेर निघायची नाही.

प्रश्न : मॅडम मी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. फिक्स्ड पार्टिशन, पेज, फ्रेम, फ्रेम अलोकेशन आणि वर डिस्क पार्टिशन, सगळं डोक्यात एक झालंय. परीक्षेला काय लिहू?

उत्तर : आधी डिस्क पार्टिशन बाजूला काढून ठेव, त्याचा इथे संबंध नाही. ते साठवणुकीच्या डिस्कचे भाग, जुन्या एमबीआर पद्धतीत ४ मुख्य भाग आणि ५१२ बाइटच्या सेक्टरला साधारण २ टेराबाइटची मर्यादा, नव्या जीपीटीत सहसा १२८ पर्यंत. संपलं.

आता मेमरी. पूर्वी मेमरीचे आधीच ठरवून तुकडे करून ठेवायचे, एका तुकड्यात एक प्रोग्राम, हे फिक्स्ड पार्टिशन. आयबीएमच्या ओएस/३६० मध्ये एमएफटी नावाचा प्रकार होता तो असाच. अडचण काय, तर ८ एमबीच्या पार्टिशनमध्ये ५ एमबीचा प्रोग्राम बसला की ३ एमबी वाया, आणि ९ एमबीचा आला तर बसतच नाही. मग म्हटलं प्रोग्रामच्या मापाचेच तुकडे पाडू, तर प्रोग्राम येऊन जाऊन मध्ये मध्ये बारीक भोकं उरतात, सगळी मिळून जागा पुरेशी असते पण सलग नसते. पहिल्याला इंटर्नल आणि दुसऱ्याला एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन म्हणतात एवढं तुला माहीतच असेल.

फ्रेमची कल्पना इथे येते आणि ती मला फार आवडते कारण ती प्रश्नच उलटा करते. प्रोग्रामला मावेल एवढी जागा शोधायच्याऐवजी प्रोग्रामचेच सारखे तुकडे करा, ते पेज, आणि मेमरीचे तेवढ्याच मापाचे कप्पे, त्या फ्रेम. कुठलं पेज कुठल्याही फ्रेममध्ये चालतं, शेजारीशेजारी असायची गरज नाही, कोण कुठे आहे ते पेज टेबल सांगतं. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या अॅटलस कॉम्प्युटरवर हे पहिल्यांदा चाललं. आजची नेहमीची फ्रेम ४ केबीची असते, म्हणजे १० केबीच्या प्रोग्रामला ३ फ्रेम आणि वाया गेले फक्त २ केबी, शेवटच्या कप्प्यातले. बाहेरची भोकं राहतच नाहीत.

आणि फ्रेम अलोकेशन म्हणजे उपलब्ध फ्रेमची प्रोग्रामांमध्ये वाटणी. इथे मात्र विग्रह पुन्हा ‘फ्रेमची वाटणी’ असा होतो हे लक्षात घे, म्हणूनच तुझा गोंधळ उडाला. समज १०० फ्रेम आहेत आणि एक प्रोग्राम ३० पेजचा, दुसरा १७० पेजचा. समान वाटलं तर दोघांना ५०-५०, म्हणजे पहिल्याकडे २० पडून आणि दुसरा उपाशी. प्रमाणात वाटलं तर १५ आणि ८५. हे गणित उत्तरात आकड्यांसकट लिही, पाठ व्याख्येपेक्षा तेच जास्त कळल्याचं दाखवतं.

प्रश्न : मोबाइलवर व्हिडिओ अडखळला की चित्राचे चौकोन चौकोन दिसतात. ते फ्रेम पार्टिशनच का?

उत्तर : हो तेच, एरवी लपलेलं असतं ते तेवढ्यापुरतं उघडं पडतं. व्हिडिओतलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम, आणि दाबून छोटं करताना तिचे ब्लॉक पाडतात. २००३ साली आलेल्या एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत मूळ ब्लॉक १६ गुणिले १६ पिक्सेलचा, तो १६ गुणिले ८, ८ गुणिले १६, ८ गुणिले ८ असा कापत अगदी ४ गुणिले ४ पर्यंत नेता येतो. हे कापणं बुद्धीचं काम आहे. निरभ्र आकाश असेल तर मोठा ब्लॉक एका वाक्यात सांगून होतो, झाडाची पानं हलत असतील तर बारीक तुकडे केल्याशिवाय हालचाल पकडता येत नाही, पण प्रत्येक तुकड्यामागे ‘मी कुठून सरकलो’ हे वेगळं लिहावं लागतं, म्हणजे बारीक कापलं तर माहिती वाढते आणि ढोबळ ठेवलं तर चित्र बिघडतं. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, प्रत्येक ठिकाणी हाच हिशोब करत बसतो. पुढच्या पद्धतीत, एचईव्हीसीत, सुरुवातीचा ब्लॉक ६४ गुणिले ६४ पर्यंत गेला, २०२० च्या व्हीव्हीसीत १२८ पर्यंत, आणि त्यात चार भागांशिवाय दोन आणि तीन भाग करायचीही मुभा आली.

एक गंमत सांगते, १९२० गुणिले १०८० च्या चित्राला १६ ने भागून बघा. १९२० ला बरोबर १२० भाग जातो पण १०८० ला साडेसदुसष्ट. अर्धा ब्लॉक नसतो म्हणून ब्लॉकच्या ६८ ओळी धरतात, म्हणजे आत १०८८ पिक्सेल उंची साठवली जाते आणि दाखवताना पिक्सेलच्या खालच्या ८ ओळी कापून टाकतात.

प्रश्न : टेलिफोनच्या ट्रेनिंगमध्ये फ्रेमचे स्लॉट शिकवले, त्यालाही फ्रेम पार्टिशन म्हणायचं का?

उत्तर : अर्थ तोच, पण तिथली माणसं ‘स्लॉट’ म्हणतात तर तुम्हीही तेच म्हणा. फरक एवढाच की व्हिडिओत जागेचे तुकडे आणि इथे वेळेचे. टी-१ म्हणजे एकाच लाइनवरून अनेकांचे फोन नेणारी पद्धत, तिची एक फ्रेम म्हणजे २४ जणांचे ८-८ बिट आणि ओळख पटवायला १ जादा, एकूण १९३, अशा सेकंदाला ८,००० फ्रेम, म्हणून वेग सेकंदाला १५,४४,००० बिट. ई-१ या तशाच दुसऱ्या पद्धतीत ३२ स्लॉट, त्यातले ३० बोलायला. कुणी गप्प बसला तरी त्याचा स्लॉट दुसऱ्याला मिळत नाही, वरच्या फिक्स्ड पार्टिशनचीच अडचण बघा.

प्रश्न : मी एमएस्सी गणित करतेय. आमच्या सेमिनारला ‘पार्टिशनिंग अ फ्रेम’ असा विषय आलाय. यात चौकट कुठली आणि भिंत कुठली हेच कळत नाहीये.

उत्तर : हा प्रश्न बघून मला मनापासून आनंद झाला. चौकट नाही आणि भिंतही नाही. इथे फ्रेम म्हणजे सदिशांचा, म्हणजे लांबी आणि दिशा असलेल्या बाणांचा, असा संच जो पूर्ण जागा व्यापतो पण बेसिससारखा, म्हणजे लागतील तेवढेच सदिश ठेवणाऱ्या संचासारखा, काटकसरी नसतो, थोडे जास्तीचे सदिश बाळगतो. ही व्याख्या डफिन आणि शेफर या गणितज्ञांनी १९५२ मध्ये दिली. जास्तीचे कशाला? तर एखादा हरवला तरी माहिती परत मिळावी म्हणून. बेसिसमधला एक गेला की ती दिशा कायमची गेली.

आणि पार्टिशन म्हणजे हा संच वाटून गट करायचे, असे की प्रत्येक गटात जास्तीचं काही उरू नये, म्हणजे प्रत्येक गट बेसिससारखा स्वतंत्र आणि मजबूत असावा. एकही सदिश शून्याकडे झुकत नसेल अशा कुठल्याही फ्रेमचं मोजक्या गटांत असं वाटप होतं का, हे फाइख्टिंगर या गणितज्ञाचं अनुमान. दिसायला साधं, पण नंतर सिद्ध झालं की हे अनुमान आणि कॅडिसन आणि सिंगर या गणितज्ञांचा १९५९ चा, पदार्थविज्ञानाच्या पायाशी जोडलेला प्रश्न, एकच आहेत. तो २०१३ मध्ये अॅडम मार्कस, डॅनियल स्पीलमन आणि निखिल श्रीवास्तव यांनी सोडवला, उत्तर ‘होय’. त्यांनी दाखवलं की सगळे सदिश पुरेसे छोटे असतील आणि मिळून प्रत्येक दिशेला सारखाच भार देत असतील, तर त्यांचे दोन गट असे करता येतात की प्रत्येक गटाकडे प्रत्येक दिशेचा जवळजवळ अर्धा भार येतो. हत्यार वापरलं बहुपदींच्या मुळांचं, एकाची मुळं दुसऱ्याच्या मुळांमध्ये कशी गुंफली जातात त्याचं. पेपर २०१५ ला छापून आला, तो आधी वाचायला घेऊ नकोस, घाबरशील.

आधी कागदावर एका बिंदूतून तीन बाण काढ, लांबी १, एकमेकांत १२० अंश. प्रतलाला दोनच पुरतात, हा तिसरा जास्तीचा, म्हणजे ही फ्रेम. आता एका बाणाच्याच दिशेने १ लांबीचा सदिश घे आणि तिघांवरचे प्रक्षेप काढून वर्ग कर : १, पाव आणि पाव, बेरीज दीड. मग त्याला काटकोनातला घे : शून्य, पाऊण आणि पाऊण, पुन्हा दीड. कुठलीही दिशा घेतलीस तरी दीडच येईल, करून बघ. आता कुठलाही एक बाण खोड, उरलेल्या दोघांतून तो सदिश अजून परत मिळतो. आणि वाटणी करायची तर दोन बाण एका गटात, एक दुसऱ्या गटात, दोन्ही गट स्वतंत्र. सेमिनारची पहिली पाच मिनिटं फळ्यावर एवढंच काढ.